मनाने आजारी लेकरे आणि निवासी उपचार : वचन व कायदा यांचा अभ्यास

शास्त्रवाचन : मार्क ५:१-२०, मार्क ९:१४-२९, १ राजे १९:१-८



गेल्या वर्षभरात आपल्या दोन पाठिराख्या मंडळ्यांकडून जवळजवळ एकच विचारणा आली. आदिवासी भागातल्या मनाने आजारी मुलांसाठी मिशनने एक निवासगृह उघडावे, आम्ही हातभार लावू, असे त्यांचे म्हणणे आहे. एका कुटुंबाने तर जमीन देऊ केली आहे. या मागणीमागचे प्रेम मला ठाऊक आहे. पाड्यावर दावणीला बांधलेले एखादे लेकरू ज्याने एकदा पाहिले, त्याला रात्री झोप लागत नाही. तरीही क्षेत्रात काम करणारी म्हणून माझे उत्तर, आज तरी, "निवासगृह नको" असे आहे. हे उत्तर कठोर वाटू नये म्हणून त्याची कारणे वचनाच्या व देशाच्या कायद्याच्या आधारे या पाठात मांडते. देऊ केलेला पैसा कुठे लागला तर जास्त फळ येईल, तेही सांगते.

या विषयावर आपल्या देशात आज जो कायदा लागू आहे, तो म्हणजे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. तो २०१८ पासून अमलात आला. त्याआधी १९८७ चा कायदा होता आणि त्याच्याही आधी इंग्रजांच्या काळातला १९१२ चा. जुन्या कायद्यांचा मुख्य प्रश्न असा होता की रुग्णाला आत कसे ठेवावे. नव्या कायद्याचा प्रश्न वेगळा आहे : त्याला समाजात कसे राहू द्यावे. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

१. साखळी कोणी घातली, आणि कोणी काढली?

मार्कच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या देशातला मनुष्य आपण सर्वांनी वाचला आहे. तो थडग्यांमध्ये राहत होता. लोकांनी त्याला पुष्कळदा बेड्यांनी व साखळ्यांनी बांधले होते. गावाकडे या दुःखावर तेवढाच एक उपाय होता. पण त्या बेड्यांनी तो बरा झाला, असे मार्क कुठेच सांगत नाही. साखळीने गावाची भीती थोडी कमी झाली असेल, त्याचे दुःख मात्र तसेच राहिले. रात्रंदिवस तो ओरडत होता आणि स्वतःला दगडांनी जखमा करून घेत होता. प्रभू आला तेव्हा त्याने आणखी मजबूत साखळी मागितली नाही. तो त्याच्याशी बोलला, त्याला नाव विचारले.

ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणून बाजूला ठेवता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एर्वाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथे लोक मनाच्या आजारातून बरे होण्यासाठी एका दर्ग्याच्या आश्रयाला येत आणि आजूबाजूच्या अशा घरांत राहत. रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते, म्हणून त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून मेले. ती जागा चालवणारे काही राक्षस नव्हते आणि तिथे माणसे आणून सोडणारे नातेवाईकही निर्दय नव्हते. श्रद्धा होती, गरिबी होती, जवळपास दवाखाना नव्हता आणि त्या जागेवर कोणाची देखरेख नव्हती. या चार गोष्टी आपल्या भागातही एकत्र येऊ शकतात.

आजच्या कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध आहे. भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देण्यास मनाई आहे. अल्पवयीन मुलांना ते द्यायचेच झाले, तर पालकाची संमती आणि पुनरावलोकन मंडळाची आधी घेतलेली परवानगी लागते. कलम ९७ प्रमाणे रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही.

महाराष्ट्रात याच्या जोडीला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे हा त्यात गुन्हा आहे. तो वाचताना आपल्या मनात लगेच भगत किंवा मांत्रिक येतो. पण अशा बांधण्या-मारण्याची सूट त्या कायद्यात ख्रिस्ती प्रार्थनासभेलाही दिलेली नाही, आणि तशी सूट आपण मागूही नये. आजारी मुलावर हात ठेवून प्रार्थना करणे आपले कर्तव्य आहे. त्याला धरून ठेवणे, उपाशी ठेवणे, गोळ्या बंद करायला लावणे हे प्रार्थनेचे भाग नाहीत. प्रार्थना आणि गोळी एकाच हातातून देता येतात.

२. बाप जवळच उभा आहे

मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला प्रभूकडे आणतो. मुलाला झटके येतात. तो कधी विस्तवात, कधी पाण्यात पडतो. प्रभू लगेच आज्ञा करीत नाही. आधी बापाला विचारतो की हे याला किती दिवसांपासून होत आहे. बाप लहानपणापासून सांगतो. कोणताही चांगला डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतो. शिष्य हरले होते, शास्त्री वाद घालत होते, गर्दी जमली होती, पण मुलाची हकिकत फक्त बापाजवळ होती. मूल बरे झाले तेव्हाही बाप तिथेच होता.

कलम ८७ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या भरतीचे नियम आहेत. मुलाला मानसिक आरोग्य आस्थापनेत या कलमातील पद्धत पाळूनच दाखल करता येते, असे ते कलम सुरुवातीलाच म्हणते. त्यातील मुख्य गोष्टी अशा :

पालकाने अर्ज करावा लागतो. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. त्यात एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवाच. आजार तीव्र आहे, भरती मुलाच्या हिताची आहे, आणि गावात किंवा घरी राहून करता येण्यासारखे उपाय करून झाले आहेत किंवा ते या मुलाला लागू पडणार नाहीत, असे दोघांचे मत व्हावे लागते. मुलाची स्वतःची इच्छा काय आहे, तीही विचारात घ्यावी लागते.

मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे, त्याच्या वयाला शोभेल अशा ठिकाणी ठेवावे लागते. पालक किंवा पालकाने नेमलेला सोबती पूर्ण मुक्काम मुलाजवळ राहिला पाहिजे. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबत बाईच हवी. पालकाने घरी न्यायचे म्हटले, तर मुलाला सोडावे लागते. भरतीची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावी लागते. मुक्काम ३० दिवसांचा झाला की मंडळाला पुन्हा कळवायचे, मंडळाने सात दिवसांत तपासणी करायची, आणि त्यानंतर दर ३० दिवसांनी पुन्हा.

हे नियम वाचून मला नेहमी वाटते की ज्यांनी हे लिहिले त्यांना लेकराचे मन कळत होते. अनोळखी भिंतींमध्ये एकटे सोडलेले मूल आणखी आजारी पडते. सोबत आई, मावशी किंवा बाप असला की त्याला कोणी मारत नाही, त्याला कोणी विसरत नाही.

पण याच नियमात आपल्या पाड्यांची खरी अडचण आहे. आमच्या भागातल्या एका मुलीचे उदाहरण देते. वय पंधरा, आश्रमशाळेत शिकणारी. तिची झोप गेली, जेवण तुटले, ती एकटीच बोलू लागली. मुली म्हणाल्या, हिला बाहेरचे लागले. शाळेने बापाला बोलावून घरी पाठवले. घरी भगत झाला, मग आपल्याच मंडळीची प्रार्थना झाली, आणि प्रार्थना करणाऱ्या बहिणींनीच शहाणपणाने तिला जिल्हा रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरला. तिथे डॉक्टरांनी भरती सांगितली. बाप तयार होता, पण मुलीजवळ बाई हवी. आई मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली, ती मध्येच परत येऊ शकत नव्हती. शेवटी मावशी आली. मुलीला वॉर्डात जेवण मिळत होते, मावशीला नव्हते. तिची रोजची मजुरी बुडत होती. वॉर्डात मराठी बोलली जात होती आणि मावशीला आपल्या बोलीपलीकडे फारसे येत नव्हते. चौथ्या दिवशी ती मुलीला घेऊन घरी निघाली होती. तिच्या प्रेमात काही कमी नव्हते, पदरचे पैसे संपले होते.

मिशनने तिचे दोन वेळचे जेवण, गाडीभाडे आणि घरी राहिलेल्या तिच्या मुलांचा किराणा एवढेच पाहिले. आमची एक कार्यकर्ती एक दिवसाआड जाऊन डॉक्टरांचे म्हणणे तिला तिच्या बोलीत सांगत राहिली. मुलगी तीन आठवड्यांनी घरी आली. आज ती पुन्हा शाळेत आहे. भिंत एकही बांधावी लागली नाही.

३. "घरी जा"

गरसेकरांच्या देशातला तो मनुष्य शुद्धीवर आला, तेव्हा त्याने प्रभूबरोबर नावेत येऊ देण्याची विनंती केली. प्रभूने त्याला तशी परवानगी दिली नाही. त्याला आपल्या घरी, आपल्या लोकांकडे पाठवले. मला हे वचन फार दिवस कठीण वाटे. ज्या गावाने साखळ्या घातल्या, तिथेच परत? पण तो बरा झाल्याची साक्ष त्याच गावाला हवी होती. त्याच्या बरे होण्याबरोबर गावाचेही बरे होणे होते.

कलम १९ मध्ये हाच विचार कायद्याच्या भाषेत आहे. मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरचे स्वीकारत नाहीत, घर नाही किंवा गावात सोय नाही, केवळ एवढ्याच कारणाने कोणाला आस्थापनेत ठेवून घेता येत नाही. कलम १८ सरकारवर जबाबदारी टाकते : सेवा घराजवळ मिळावी, लांबचा प्रवास करावा लागू नये, प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा असावी. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ कार्ड असो वा नसो, सरकारी आस्थापनेत उपचार मोफत. दीर्घ मुक्काम हा शेवटचा उपाय आणि शक्य तितका थोडा.

कागदावरचे आणि पाड्यावरचे अंतर मात्र मोठे आहे. महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. अक्राणीच्या डोंगरातून ठाण्याला किंवा भामरागडहून नागपूरला आजारी मूल घेऊन जाणे म्हणजे काय, हे ज्याने एसटीने तो प्रवास केला त्यालाच कळेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू आहे. त्याचे पथक जिल्हा रुग्णालयात असते. पण गोळ्या संपल्या, डॉक्टरांची बदली झाली, पावसात रस्ता तुटला, की उपचारात खंड पडतो. खंड पडला की आजार उलटतो, आणि मग पुन्हा भरती.

२०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्यात नव्हता. १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे त्यात आढळले. आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे आपल्यापुढचा मोठा प्रश्न खाटांचा नाही. बहुसंख्य मुले खाटेपर्यंत काय, पहिल्या तपासणीपर्यंतही पोहोचत नाहीत.

४. मग निवासगृह का नको?

पहिले कारण कायद्याचे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना जिथे ठेवून त्यांची काळजी, उपचार किंवा पुनर्वसन केले जाते, ती जागा सरकारची असो, ट्रस्टची असो वा एखाद्या व्यक्तीची, तिची मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय चालवली तर पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आणि पुढे तो वाढत ५ लाखांपर्यंत जातो. शिवाय निराधार मुले ठेवायची तर बाल न्याय कायदा, २०१५ खाली वेगळी नोंदणी. "आम्ही फक्त प्रार्थना करतो व जेवू घालतो" हे उत्तर चालणार नाही. चालू नये, असेच मी म्हणेन. एर्वाडीनंतर तर नाहीच.

दुसरे कारण माणसांचे. इमारत देणगीतून एका वर्षात उभी राहते. मानसोपचारतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका, रात्रपाळीचे कर्मचारी दर महिन्याला लागतात. तज्ज्ञ नसलेल्या निवासगृहात शेवटी कुलूपच उपचार होऊन बसते.

तिसरे कारण मला सर्वांत जड वाटते. पाड्याजवळ एखादे "होम" उघडले की घराला वाटते, आता सांभाळणारे आले. मूल तिथे जाते आणि हळूहळू घरातली त्याची जागा भरून जाते. आदिवासी समाजात आजही मूल एकट्या आईबापाचे नसते, सगळ्या पाड्याचे असते. ही त्यांची संपत्ती आहे. आपल्या दयेने ती कमी होऊ नये.

कोणी विचारील, ज्या मुलाला खरोखर कोणीच नाही, त्याचे काय? प्रश्न बरोबर आहे. अशा मुलासाठी जिल्ह्याची बालकल्याण समिती आहे, आणि १०९८ या क्रमांकावर कळवता येते. मुलाची व्यवस्था ठरवण्याचा अधिकार समितीचा आहे, आपला नाही. आपण त्या मुलाला भेटत राहू शकतो, त्याचे नातेवाईक शोधू शकतो.

५. आपण काय करावे?

एलीया थकला, मरण मागू लागला आणि रतामाच्या झुडपाखाली झोपला. देवाच्या दूताने त्याला आधी उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. पुढचा प्रवास त्यानंतर. आपली सेवाही याच क्रमाने असावी. देऊ केलेल्या देणग्यांसाठी मी कार्यकारिणीपुढे पुढील गोष्टी ठेवल्या आहेत.

सोबत निधी : मुलाजवळ राहणाऱ्या आई, मावशी किंवा आजीचे जेवण, भाडे आणि घरच्यांचा किराणा. कलम ८७ ने सोबत सक्तीची केली, पण सोबत्याच्या पोटाची सोय कुटुंबावरच येते. ही फट मंडळीने भरावी.

गोळीची बहीण : प्रत्येक पाड्यासाठी एक प्रशिक्षित कार्यकर्ती. तिने महिन्यातून एकदा रुग्णाच्या घरी जावे, गोळ्या किती उरल्या ते पाहावे, तपासणीच्या दिवसाची आठवण करावी. गोळ्या उपलब्ध नसतील तर लेखी अर्ज द्यावा.

बोलीचा दुवा : उपचाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. भिली, पावरी, कोरकू, गोंडी जाणणारे आपले तरुण रुग्णालयात हे काम करू शकतात.

आश्रमशाळेतील ओळख : घरापासून दूर राहणाऱ्या मुलांतील बदल अधीक्षक व गृहपालांना लवकर ओळखता यावा, यासाठी जिल्हा पथकाच्या मदतीने शिबिरे. मूल आजारी पडले तर नाव न कापता त्याची जागा राखून ठेवण्याची विनंती.

फोन : टेलिमानस, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. उपासनेच्या फलकावर हा क्रमांक लिहा. एखाद्या मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलिसांच्या भीतीने घरचे ते लपवतात. त्यांना सांगा की कलम ११५ प्रमाणे अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करण्याऐवजी काळजी व उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

मंडळाशी संबंध : पुनरावलोकन मंडळात रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातील सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी दोन जागा असतात. आपल्यातील पात्र व्यक्तींनी त्यासाठी पुढे यावे.

जमीन देऊ करणाऱ्या कुटुंबाला माझी नम्र विनंती आहे की त्यांनी मन खट्टू करू नये. जिल्हा रुग्णालयाजवळ सोबत्यांना रात्री टेकता येईल, चूल पेटवता येईल अशा दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तरी अनेक मुलांचे उपचार पूर्ण होतील. त्या खोल्यांत रुग्ण राहणार नाहीत, त्यांच्या आया राहतील. दिलेले दान साखळी काढण्याच्या कामी लागावे, नवी भिंत घालण्याच्या नव्हे, एवढीच माझी इच्छा आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. गरसेकरांच्या गावाने त्या मनुष्याला बांधले आणि तो बरा झाल्यावर ते घाबरले. आपल्या मंडळीत मनाच्या आजारातून बरे झालेल्या माणसाचे स्वागत कसे होते?

२. मार्क ९ मध्ये प्रभू बापाला प्रश्न विचारतो. आपण आजारी मुलाच्या घरी जातो तेव्हा आधी ऐकतो की आधी बोलतो?

३. आपल्या मंडळीतील कोणते कुटुंब आज कोणाची तरी सोबत करत आहे? या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल?

प्रार्थनेचे विषय

आश्रमशाळांतील मुलांसाठी व त्यांच्या गृहपालांसाठी. जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचारतज्ज्ञ व परिचारिकांसाठी. ऊसतोडीवर व वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांसाठी, ज्यांची आजारी लेकरे मागे आहेत. आणि ज्या घरात आजही दोर सोडायची हिंमत होत नाही, त्या घरासाठी, की तिथे कोणीतरी वेळेवर पोहोचावे.

आमेन.